वीट, मासळी आणि दरडोई उत्पन्न

१९४३च्या मार्च महिन्यात अमेरिकेतल्या ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या खपाच्या साप्ताहिकात एक चित्र छापून आले. चित्रकार नॉर्मन रॉकवेल. शुभ्र चादर अंथरलेले मेज, भोवती हसतमुख गोतावळा, आणि घरची वयोवृद्ध गृहिणी भाजलेल्या टर्कीचे भलेथोरले ताट मेजावर ठेवते आहे. सणाच्या दिवशीचे भरले घर कोणत्याही देशातले असो, ओळखीचेच वाटते. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ज्या चार स्वातंत्र्यांचा पुकारा केला होता त्यांपैकी ‘अभावापासून मुक्ती’ हे या चित्राचे नाव. सोबत त्याच विषयावर एक निबंध होता आणि तो लिहिला होता कार्लोस बुलोसान नावाच्या एका फिलिपिनो मजुराने. अलास्कातल्या मासळीच्या कारखान्यात आणि कॅलिफोर्नियाच्या शेतांत राबलेला, क्षयाने दोन वर्षे सरकारी इस्पितळात पडून राहिलेला हा माणूस. चित्रातल्या मेजाभोवती त्याच्या रंगाचा एकही चेहरा नाही!

मला हे चित्र वारंवार आठवते ते अलीकडे वाचनात येणाऱ्या एका तुलनेमुळे. अमेरिकेत गेलेल्या निरनिराळ्या समाजांची आर्थिक स्थिती कोष्टकांतून मांडण्याची तिकडे मोठी हौस आहे. त्या कोष्टकांत फिलिपिनो कुटुंबे चांगली वरच्या अंगाला दिसतात. २०१९ साली त्यांचे मध्यम कौटुंबिक उत्पन्न वर्षाला सुमारे ९० हजार डॉलर होते. साऱ्या देशाचे होते सुमारे ६५ हजार. इटालियन वंशाची कुटुंबेही देशाच्या मध्यमानाच्या वरच आहेत. मग कोणी म्हणतो, पाहा, गोरा इटालियन आणि सावळा फिलिपिनो, दोघेही गरीब आले, दोघेही कॅथलिक, दोघेही कष्टाळू, आणि दोघेही वर आले; अमेरिकेत कष्टाचे चीज होते याला आणखी पुरावा कशाला?

आकड्यांशी माझे भांडण नाही. पण आकडा घराच्या उंबरठ्यापर्यंत नेतो आणि तिथेच उभा राहतो. आत कोण राहते, किती जण कमावतात, आधी कोण राहत होते, हे त्याला विचारून उपयोग नसतो. ते सांगते कादंबरी. या दोन समाजांनी इंग्रजीत चार पुस्तके अशी दिली आहेत की ती शेजारी ठेवून वाचली म्हणजे ते कोष्टक निराळे दिसू लागते.

पहिले पुस्तक पिएत्रो दी दोनातो यांचे ‘ख्राइस्ट इन काँक्रीट’ (१९३९). दी दोनातो हे गवंड्याचे पोर. वडील इटलीच्या आब्रुत्सी भागातून आलेले. १९२३च्या गुड फ्रायडेला बांधकाम कोसळून वडील गेले, आणि कोवळ्या वयातच मुलाने त्यांची थापी हाती घेतली. कादंबरीत हेच घडते. जेरेमिओ हा मुकादम आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे घर घ्यायचे ठरवतो, इसाराही देतो, आणि दुसऱ्या दिवशी मालकाने पैसे वाचवण्यासाठी कच्च्या ठेवलेल्या इमारतीखाली सापडतो. ओले काँक्रीट त्याच्या अंगावर ओतले जात राहते आणि घट्ट होत जाते. हे वर्णन पाने-दोन पानांत आटोपत नाही. वाचकाचा श्वास कोंडेपर्यंत लेखक थांबत नाही. इतके लांबवावे का, असा प्रश्न मला पहिल्या वाचनात पडला होता. दुसऱ्या वाचनात वाटले, की ज्याने हे मरण रोज मनात पाहिले त्याच्याकडे संयमाची मागणी करणारे आपण कोण?

या कादंबरीची भाषा हा तिचा खरा विशेष. इटालियन मजूर आपसांत इटालियनच बोलणार. तेव्हा लेखकाने इंग्रजीलाच इटालियन वळण दिले. वाक्ये उलटीसुलटी, संबोधने लांबलचक, शिव्याही स्तोत्रासारख्या. ‘काम’ हा शब्द तर एखाद्या दैत्याच्या नावासारखा येतो. तो माणसे गिळतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच दारात माणसे पुन्हा उभी असतात. विधवा अनुन्सिआता आणि मुलगा पॉल नुकसानभरपाईच्या कचेरीत जातात तो प्रसंग पाहावा. तिथे इंग्रजी कायद्याचे आहे, कोरडे आणि स्वच्छ. आणि त्या भाषेपुढे ही दोघे मुकी. भरपाई मिळत नाही. पॉल पाद्रीबाबांकडे मदत मागायला जातो, तेव्हा ते भरल्या ताटावर बसलेले असतात आणि मुलाच्या हाती केकचा एक तुकडा देतात. दारिद्र्याची शंभर वर्णने या केकच्या तुकड्यापुढे फिकी आहेत.

आता बुलोसान यांचे ‘अमेरिका इज इन द हार्ट’ (१९४६) घ्या. ते आत्मचरित्र म्हणून छापले गेले, पण त्यात अनेकांचे भोग एकाच्या तोंडी घातलेले आहेत. पहिला भाग फिलिपाइन्समधल्या बिनालोनान गावचा. एका मुलाच्या शिक्षणापायी बापाची जमीन तुकड्यातुकड्याने जाते. आई खारवलेली मासळी घेऊन गावोगाव फिरते आणि तिच्या बदल्यात धान्य आणते. बाजारात एक श्रीमंत मुलगी तिची घेवड्याची टोपली उलथून टाकते, आणि ती माऊली गुडघे टेकून एकेक दाणा वेचत ‘असू दे, असू दे’ म्हणत राहते. हा भाग शांत आणि अस्सल आहे. मग मुलगा १९३० साली सिअ‍ॅटल बंदरात उतरतो, आणि उतरल्या उतरल्या पाच डॉलरला अलास्काच्या मासळी-कारखान्यासाठी विकला जातो. पुढे गावामागून गाव, मारामागून मार. साहित्य म्हणून पाहिले तर इथे पुस्तक सैल होते. माणसे येतात, मार खातात, नाहीशी होतात. त्यांची नावे लक्षात राहत नाहीत. दी दोनातोंची घट्ट वीण इथे नाही. पण जरा थांबून विचार केला म्हणजे कळते, की ही सैलता लेखकाच्या आळसातून आलेली नाही. दी दोनातोंच्या गवंड्याला चाळीतली का होईना, एक खोली आहे, बायको आहे, आठ मुले आहेत, शेजार आहे. कादंबरीला उभे राहायला जागा आहे. बुलोसानच्या मजुराला यांतले काहीच नाही. मालगाडीच्या डब्यात राहणाऱ्यांची कथा घट्ट कशी विणणार?

आणि हे का नव्हते, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे. इटालियनांचे लाड झाले असे नाही. १८९१ साली न्यू ऑर्लीन्समध्ये जमावाने अकरा इटालियनांना ठार मारले, आणि १९२४च्या कायद्याने इटलीचा वाटा वर्षाला ३,८४५ माणसांवर आणून ठेवला. पण कायद्याच्या नजरेत इटालियन गोरा होता. आला की नागरिक होऊ शकत होता, मत देऊ शकत होता, गावची मुलगी आणून संसार मांडू शकत होता. फिलिपिनो हा अमेरिकन अंकित प्रदेशातला, म्हणून येऊ शकत होता. नागरिक मात्र होऊ शकत नव्हता. त्यांच्या बायका फारशा आलेल्याच नव्हत्या. १९३३ साली कॅलिफोर्नियाने त्यांना गोऱ्या स्त्रीशी विवाह करण्याची कायद्याने बंदी केली. ती १९४८मध्ये न्यायालयाने मोडीत काढली. १९३४च्या कायद्याने फिलिपाइन्सचा वाटा ठरला वर्षाला पन्नास माणसे! नागरिकत्वाचे दार उघडले १९४६मध्ये, आणि ज्या कायद्याने ते उघडले त्याच कायद्याने ते आपल्या हिंदुस्थानी लोकांनाही उघडले, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पण त्याच वर्षी दुसऱ्या एका कायद्याने, अमेरिकन निशाणाखाली लढलेल्या लाखो फिलिपिनो सैनिकांचे माजी सैनिकांचे बहुतेक हक्क काढून घेतले. त्याबद्दल एकरकमी पैसे मिळाले ते २००९ साली, तेव्हा जे हयात होते त्यांना.

आता मारिओ पुझो यांचे ‘द फॉर्च्युनेट पिल्ग्रिम’ उघडा. पुझो म्हटले की लोकांना ‘गॉडफादर’ (१९६९) आठवतो. पण ही आधीची कादंबरी आपली सर्वांत चांगली, असे ते स्वतःच म्हणत, आणि मला त्यांचे म्हणणे पटते. न्यूयॉर्कच्या दहाव्या अ‍ॅव्हेन्यूवरची दोनदा विधवा झालेली लुचिया सांता, तिची सहा मुले, आगगाडीचे रूळ आणि चाळीच्या पायऱ्यांवर संध्याकाळी जमणारा बायकांचा मेळा. डॉनच्या तोंडचा करारी आवाज आपल्या आईचा होता, असे पुझोंनी पुढे सांगितले; या कादंबरीत तो आवाज मूळ मुखातून ऐकू येतो. ही बाई मुलांवर प्रेम करते आणि पैसाही मोजते. दोन्ही एकाच हाताने. महायुद्धाच्या काळात घरात पगार येऊ लागतात, आणि शेवटी कुटुंब लाँग आयलंडला स्वतःच्या घरात जाते. जेरेमिओने इसारा दिलेले घर जणू इथे ताब्यात येते. त्यासाठी एक मुलगा रुळांवर गेला आहे, दुसरा दुरावला आहे. पुझो हे सुख आणि ही किंमत शेजारी ठेवतात आणि बेरीज करत नाहीत.

हे घर कादंबरीपुरते नव्हते. १९४४च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना घरासाठी स्वस्त कर्जे मिळू लागली. हजारो इटालियन मुलांनी ती घेतली. घराच्या किमती चढल्या, घर मुलाकडे गेले, मुलाकडून नातवाकडे. आज इटालियन वंशाच्या माणसाची सुस्थिती पगारात जितकी आहे तितकीच ती मागच्या दोन पिढ्यांनी फेडलेल्या हप्त्यांत आहे. बुलोसानच्या पिढीचे अविवाहित मजूर मात्र हॉटेलांच्या भाड्याच्या खोल्यांत म्हातारे झाले. १९७७च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनॅशनल हॉटेलातून अशाच म्हाताऱ्यांना पोलिसांनी रातोरात बाहेर काढले. खुद्द बुलोसान १९५६ साली सिअ‍ॅटलमध्ये गेले, अकिंचन.

मग कोष्टकातले ते ९० हजार डॉलरवाले फिलिपिनो कोण? इथेच तुलनेचा पाया निसटतो. ते बहुतांशी त्या मजुरांचे नातू नाहीत. मजुरांना नातू व्हायला मुलेच फार थोड्यांना झाली. हे १९६५च्या नव्या कायद्यानंतर आलेल्या परिचारिका, डॉक्टर, हिशेबनीस आणि त्यांची मुले. ज्या वर्षी डेलानोच्या द्राक्षमळ्यांत लॅरी इट्लिआँग यांच्या मागे वृद्ध फिलिपिनो मजूर संपावर बसले, त्याच वर्षी हा कायदा झाला. अमेरिकेने दार उघडले ते शिकलेल्यांना. आणि त्यांना शिकवले होते फिलिपाइन्सने, स्वतःच्या खर्चाने. आपल्याकडचे डॉक्टर-इंजिनियर त्याच दाराने गेले आणि त्याच कोष्टकांत आणखी वर आहेत. तेव्हा त्याचा अभिमान बाळगताना आपणही हा हिशेब जरा पाहावा.

या नव्या पिढीची कादंबरी इलेन कास्तियो यांनी लिहिली: ‘अमेरिका इज नॉट द हार्ट’ (२०१८). कॅलिफोर्नियातल्या मिलपिटास गावचे एक घर. घरधनी पोल हा मायदेशी नावाजलेला शल्यविशारद. इथे तो पहारेकरी आहे. बायको पाझ परिचारिका. एक पाळी संपवून दुसरीला जाते, म्हणून मुलीला सांभाळायला पुतणी लागते. पोलची ही पुतणी हिरो, मार्कोसच्या तुरुंगात अंगठे मोडून घेऊन आलेली. कोष्टकवाल्याने दार ठोठावले तर त्याच्या वहीत या घराचे उत्पन्न चांगले भरघोस भरेल. ते किती पाळ्यांचे, हा रकाना वहीत नसतो. फिलिपिनो घरांत माणसे जास्त, कमावणारी जास्त. माणशी वाटणी केली की इटालियनांच्या मागे पडणारी ही घरे कॅलिफोर्नियासारख्या महागड्या राज्यांत आहेत. शिवाय ज्या धंद्याने त्यांना वर आणले त्याची जोखीम निराळीच. २०२०च्या सप्टेंबरपर्यंत अमेरिकेत करोनाने दगावलेल्या परिचारिकांची नोंद तिथल्या परिचारिका संघटनेने केली, तेव्हा सुमारे एकतृतीयांश फिलिपिनो निघाल्या. एकूण परिचारिकांत त्यांचे प्रमाण शंभरात चारच्या आसपास आहे. जेरेमिओचा दैत्य इस्पितळाचे कपडे घालूनही येतो.

कास्तियोंच्या कादंबरीत जेवणाची वर्णने जरा जास्त झाली आहेत, आणि कथेचा मधला भाग रेंगाळतो. पण त्यांनी बुलोसानच्या नावात जो एक नकार घातला तो पोरकट खोडसाळपणा नव्हे. बुलोसानच्या शेवटच्या पानांवर अमेरिकेवरची जी श्रद्धा उसळून येते, ती आधीच्या तीनशे पानांतून निघत नाही. मला तरी ती नेहमी बाहेरून आणून चिकटवल्यासारखी वाटत आली आहे. पाझ ही बुलोसानच्याच पांगासिनान प्रांतातली. तिच्या मनात अशी श्रद्धा नाही आणि तिरस्कारही नाही. उद्याची पाळी आहे.

सणाच्या दिवसांत दी दोनातोंपासून आरंभ करू नये, असे माझे वाचकांना सांगणे आहे. ते पुस्तक फराळाच्या ताटाशेजारी ठेवण्याचे नव्हे. पुझो आधी घ्यावेत. लुचिया सांता कोणत्याही मराठी घरात पाहुणी म्हणून आली तर दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराचा ताबा घेईल. नंतर बुलोसान यांचा पहिला भाग, निदान आईबरोबर मासळी विकायला जाणाऱ्या मुलाची पाने, घरात कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावीत.