गुरूचा निळा रंग आणि आपलं लाल जंगल

गुरू ग्रहाचा एक फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. गडद निळ्या पटावर दुधासारखे पांढरे भोवरे, कडांना सोनेरी छटा, आणि ढग असे उठून आलेले की हात लावावासा वाटतो. व्हॉट्सॲपवर त्याच्याखाली ओळ असते: ‘नासाने काढलेला गुरूचा खरा फोटो’. या ओळीतला प्रत्येक शब्द थोडा थोडा चुकतो. कच्चा माल नासाच्या यानाचा असतो, पण चित्र बहुतेक वेळा एखाद्या हौशी माणसाने घरच्या कॉम्प्युटरवर तयार केलेलं असतं. ‘खरा’ म्हणजे काय ते तपासावं लागतं. आणि ‘फोटो’ म्हणताना आपल्या डोळ्यासमोर जे येतं, तसं तिथे काही घडलेलंच नसतं.

माझं पीएचडीचं काम गुरूवर नाही. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलाच्या उपग्रह प्रतिमा कशा वाचायच्या, हा माझा विषय. पण प्रतिमेचे रंग आणि त्यावरचा विश्वास हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. म्हणून आज या हौशी मंडळींच्या कामाचं थोडं परीक्षण करू. मला ते काम मनापासून आवडतं, आणि त्याबद्दल माझी एक गंभीर तक्रारही आहे.

आधी हे चित्र बनतं कसं ते बघू. जुनो हे यान ५ ऑगस्ट २०११ रोजी निघालं आणि जुलै २०१६ मध्ये गुरूच्या कक्षेत पोचलं. त्यावर जुनोकॅम नावाचा एक छोटा कॅमेरा आहे. मोहिमेचं मुख्य विज्ञान बाकीच्या उपकरणांवर. हा कॅमेरा प्रामुख्याने लोकांसाठी बसवलेला. त्याचा कच्चा डेटा सगळ्यांसाठी खुला असतो. कुणीही उतरवून घ्यावा, त्यावर काम करावं, परत पाठवावं.

हा कच्चा डेटा पहिल्यांदा पाहणारा माणूस निराश होतो. यान मिनिटाला साधारण दोनदा स्वतःभोवती फिरतं, आणि त्या फिरण्यातच कॅमेरा ग्रहाच्या अरुंद पट्ट्या टिपत जातो. एक पट्टी १६४८ पिक्सेल रुंद, १२८ पिक्सेल उंच. सगळ्या काळ्या-पांढऱ्या. काही लाल फिल्टरमधून, काही हिरव्या, काही निळ्या, आणि चौथा फिल्टर मिथेन वायू जिथे प्रकाश शोषतो त्या अवरक्त पट्ट्याचा. त्यात यान ढगांच्या जवळून ताशी दोन लाख किलोमीटरच्या वर वेगाने जात असतं. म्हणजे पहिली आणि शेवटची पट्टी वेगवेगळ्या जागेवरून घेतलेली. नुसत्या जोडल्या तर गोल ग्रहाचा भलताच आकार होतो.

मग काम सुरू होतं. यान कुठल्या क्षणी नेमकं कुठे होतं, ही माहिती घेऊन पट्ट्या गोलावर बसवायच्या. तीन रंग एकमेकांवर जुळवायचे. दिवस-रात्रीच्या सीमेकडे प्रकाश मंद होत जातो, तो सपाट करायचा. रंगांचा तोल साधायचा, कॉन्ट्रास्ट ताणायचा, कडा तीक्ष्ण करायच्या. यातली पहिली दोन कामं भूमितीची आहेत. ती बरोबर येतात किंवा चुकतात. बाकीची सगळी माणसाच्या निर्णयाची. ‘किती?’ या प्रश्नाला तिथे एकच उत्तर नाही.

आता प्रत्यक्ष कामं घेऊ. जर्मनीतले गणितज्ञ गेराल्ड आयश्टेट यांचं बळ भूमितीत आहे. पट्ट्यांपासून नेटका ग्रह उभा करण्याचं सॉफ्टवेअर त्यांनी स्वतः लिहिलं, आणि लागोपाठच्या प्रतिमांमधून ढगांची हालचाल दाखवली. गुरूच्या ध्रुवांवरच्या चक्रीवादळांसारख्या विषयांवरच्या शोधनिबंधांत सहलेखक म्हणूनही त्यांचं नाव येतं. हौसेचं काम विज्ञानाच्या उपयोगी पडतं का, असं विचारणाऱ्यांसाठी हे उत्तर पुरेसं आहे.

आयश्टेट आणि ब्रिटनचे चित्रकार शॉन डोरन यांनी मिळून केलेलं एक चित्र फार गाजलं. २४ ऑक्टोबर २०१७ च्या नवव्या फेरीतलं, गुरूच्या उत्तर गोलार्धातल्या एका मोठ्या वादळाचं. यान तेव्हा ढगांपासून सुमारे १०,१०० किलोमीटरवर होतं. निळसर अंधारातून वर येणारा तो पांढरा पिळा पाहून थक्क व्हायला होतं. गडद ढग खोलवरचे, उजळ ढग वरचे, हा फरक त्यात एका नजरेत कळतो. म्हणजे ताणलेल्या कॉन्ट्रास्टने इथे काहीतरी दाखवलं, लपवलं नाही. हे श्रेय द्यायलाच हवं.

पण त्याच चित्रात एक अडचणही आहे. कडा तीक्ष्ण केल्या की प्रत्येक ढगाशेजारी एक काळपट किनार तयार होते, आणि आपला डोळा तिला सावली समजतो. मग सपाट दिसणारी गोष्ट डोंगर-दरीसारखी भासायला लागते. गुरूच्या ढगांना खऱ्या सावल्याही पडतात, विशेषतः दिवस-रात्रीच्या सीमेजवळ. पण कुठली सावली सूर्याची आणि कुठली सॉफ्टवेअरची, हे तयार चित्र पाहून सामान्य वाचकाला सांगता येत नाही. रंगाबद्दल लोक निदान शंका तरी घेतात. या खोट्या उठावाबद्दल कुणी विचारत नाही. माझ्या मते या शैलीचा सर्वात मोठा दोष रंगात नाही, इथे आहे.

आता दुसरं टोक. आइसलँडचे ब्यर्न योनसन यांनी ५ जुलै २०२२ च्या त्रेचाळिसाव्या फेरीतल्या एकाच कच्च्या डेटापासून दोन चित्रं बनवली आणि शेजारी-शेजारी ठेवली. डावीकडचं, माणूस यानात बसला असता तर साधारण जसं दिसलं असतं तसं. उजवीकडचं, रंग आणि कॉन्ट्रास्ट वाढवलेलं. डावीकडचा गुरू फिकट आहे. मातकट, जास्त दूध घातलेल्या चहासारखा. उजवीकडचा गुरू म्हणजे नेहमीचा वॉलपेपर. दोघांना एकत्र पाहिलं की समजतं, की उजवीकडची प्रत्येक रेघ डावीकडेही आहे, फक्त पुसट. योनसन यांनी काही घातलेलं नाही, होतं तेच मोठ्या आवाजात सांगितलं. आणि आवाज किती वाढवला, तेही दाखवलं.

मला विचाराल तर गेल्या काही वर्षांतलं या क्षेत्रातलं सगळ्यात चांगलं काम ही जोडी आहे. कदाचित सगळ्यात सुंदर नसेल. पण पाहणाऱ्याला परत जायची वाट ठेवणारं आहे.

इथे कुणी म्हणेल, ‘खरा रंग’ असं काही असतं तरी का? प्रश्न रास्त आहे. गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या पाचपटीहून जरा जास्त लांब, त्यामुळे तिथे ऊन आपल्या सुमारे सत्ताविसाव्या हिश्श्याइतकं. कॅमेऱ्याचे फिल्टर आपल्या डोळ्यासारखे नाहीत. डोळा स्वतःच अंधाराशी जुळवून घेतो. त्यामुळे ‘नैसर्गिक रंग’ हाही एक अंदाजच, पण आपल्याला तपासता येणारा अंदाज. उलट मिथेनच्या फिल्टरमधलं चित्र कुठल्याच डोळ्याला दिसणार नाही, तरी ते अत्यंत खरं आहे: त्यात उंचावरचे ढग उजळ दिसतात, आणि प्रसिद्ध लाल ठिपका चक्क चमकतो. तेव्हा रंग चढवणं म्हणजे खोटं बोलणं, असं मी म्हणत नाही. खोटं सुरू होतं ते चित्र आणि त्याची कृती यांची ताटातूट झाली की.

ही ताटातूट किती महागात पडते, याचं उदाहरण दुसऱ्या एका मोठ्या ग्रहाचं आहे. व्हॉयेजर-२ यानाने ऑगस्ट १९८९ मध्ये नेपच्यूनच्या प्रतिमा पाठवल्या. त्यातले पुसट ढग दिसावेत म्हणून रंग ताणले गेले, आणि तसं तेव्हा सांगितलंही होतं. पुढे चित्र राहिलं, तळटीप गळून पडली. पुस्तकांत, तक्त्यांवर नेपच्यून शाईसारखा निळा झाला आणि युरेनस फिकट हिरवट. ऑक्सफर्डच्या पॅट्रिक अर्विन यांच्या गटाने जानेवारी २०२४ मध्ये जुना डेटा पुन्हा तपासून दाखवलं, की दोघांचे रंग जवळपास सारखेच, फिकट हिरवट-निळे आहेत. नेपच्यून किंचित जास्त निळा, इतकंच. एक तळटीप हरवली आणि जवळजवळ पस्तीस वर्षं सगळं जग एका ग्रहाचा रंग चुकीचा समजत राहिलं.

नेपच्यूनला त्याने काही फरक पडला नाही. पण आपल्या इकडे पडतो. जंगलाच्या अभ्यासात जी उपग्रह प्रतिमा सर्रास वापरतात, तिच्यात जंगल लाल दिसतं. कारण हिरवी पानं अवरक्त प्रकाश जोरात परत फेकतात, आणि तो न दिसणारा प्रकाश आपण पडद्यावर लाल रंगात दाखवतो. गुरूच्या मिथेन फिल्टरसारखीच ही युक्ती, आणि अतिशय उपयोगी. पण हीच प्रतिमा एप्रिलची असेल तर? सागवानाची पानं तेव्हा गळलेली असतात. चंद्रपूर-गडचिरोलीचं भरगच्च सागाचं रान त्या प्रतिमेत विरळ, करडं दिसतं. ऑक्टोबरची घ्या, तेच रान लालभडक. जंगल तेच, तारीख वेगळी. त्यावर कॉन्ट्रास्ट ताणला की फरक आणखी वाढतो.

आता वनहक्क कायद्याचा विचार करा. वैयक्तिक दाव्यात जमीन १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताब्यात होती का, हा प्रश्न असतो. त्या काळातल्या लँडसॅट उपग्रहाचा एक पिक्सेल ३० मीटर बाय ३० मीटर, म्हणजे ९०० चौरस मीटर. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. हिशेब करा: एका एकराचं शेत म्हणजे जेमतेम साडेचार पिक्सेल! त्यात बांधावर दोन मोहाची झाडं ठेवलेली, कारण मोह कुणी तोडत नाही. मग ते पिक्सेल शेत म्हणायचे की जंगल? प्रतिमा छापून टेबलावर ठेवली की मात्र हा प्रश्न दिसत नाही, फक्त लाल रंग दिसतो. म्हणूनच २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट लिहिलंय, की उपग्रह प्रतिमा बाकीच्या पुराव्यांना पूरक आहे, त्यांची जागा घेऊ शकत नाही. गुजरातमध्ये अशा प्रतिमांच्या आधारे दावे फेटाळले गेले तेव्हा तिथल्या उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्यांचा फेरविचार करायला सांगितलं.

म्हणून गुरूच्या हौशी मंडळींकडून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत, एक घ्यायची आणि एक टाळायची. घ्यायची ती ही, की कच्चा डेटा खुला ठेवला तर एकाच प्रतिमेची दहा वाचनं शेजारी-शेजारी मांडता येतात, आणि चूक लपत नाही. २०१९ मध्ये चंद्रावर पडलेल्या विक्रम लँडरचे अवशेष चेन्नईच्या एका इंजिनिअरने असेच नासाच्या खुल्या प्रतिमा आधीच्या-नंतरच्या लावून शोधले होते. गडचिरोलीला हे नवीन नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात कुठल्याही विषयावर निर्णय घेण्याआधी अभ्यास गट बसतो: गावकरी, बाहेरचे जाणकार, सगळे एकत्र. जुनोकॅमचा प्रयोग म्हणजे माझ्या दृष्टीने एक जगभर पसरलेला अभ्यास गटच आहे.

टाळायची गोष्ट म्हणजे दिखाव्याची चटक. इंटरनेटवर फिकट गुरूला कुणी विचारत नाही. निळा गुरू हजारो वेळा पुढे जातो. त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्यापेक्षा जरा जास्त ताणतो, आणि ‘रंग वाढवलेले’ ही सूचना चित्राखाली, वेगळ्या ओळीत राहते. चित्र पुढे पाठवताना ती ओळ जात नाही. माझी तक्रार नेमकी ही आहे. सूचना चित्रातच, कोपऱ्यात लिहा. सौंदर्य बिघडेल? थोडं बिघडू द्या.

मराठी वर्तमानपत्रांनाही हेच म्हणेन. ‘गुरूचे विलोभनीय रूप’ असं छापताना पुढे तीन शब्द टाका: ‘रंग गडद केलेले’. जागा लागत नाही, आणि वाचक काही कमी थक्क होत नाही.

तुम्हाला स्वतः करून बघायचं असेल तर फार काही लागत नाही. एक साधा कॉम्प्युटर, फुकट मिळणारं चित्र-संपादनाचं सॉफ्टवेअर आणि दोन-तीन संध्याकाळी. चंद्रपूरच्या किंवा ब्रह्मपुरीच्या एखाद्या कॉलेजात चार पोरांनी मिळून एक गुरू बनवला, तर पहिल्या तासातच त्यांना कळेल की प्रत्येक स्लायडर हा एक निर्णय असतो. मग उद्या त्यांच्याच गावाची लाल प्रतिमा कुणी टेबलावर ठेवली, तर ते विचारतील: साहेब, ही कुठल्या महिन्याची? पिक्सेल केवढा? आणि कच्चा डेटा कुठे मिळेल?