आजीचे मरण आणि साक्षीची भाषा

मराठी ख्रिस्ती समाजात 'साक्ष' हा एक वाङ्मयप्रकारच आहे, पण आपल्या समीक्षेने त्याची दखल कधी घेतली नाही. उपासनेत, घरच्या प्रार्थनेत आणि विशेषतः मयताच्या घरी माणूस उभा राहतो आणि प्रभूने आपल्या आयुष्यात काय केले ते सांगतो. अहमदनगर (आता अहिल्यानगर), जालना या भागांतल्या ख्रिस्ती वस्त्यांत आजी वारली की कॉलेजात शिकणारा नातूही असा उभा राहतो. समोर नातलग असतात, तसे त्याचे मित्रही असतात. त्यांत बौद्ध असतात, मातंग असतात. माझ्या आजीला ज्याने आधार दिला तो यांनाही कळावा, असे त्या पोराला मनापासून वाटते. ही ओढ खोटी नाही. पौलानेही तीमथ्याला लिहिताना त्याच्या विश्वासाचा माग त्याच्या आजीपर्यंत, लोईसपर्यंत नेला आहे.

प्रश्न आहे तो भाषेचा. आजी पापी होती, प्रभूने तिला तारले, आता ती त्याच्यापाशी आहे : एवढ्या तीन पायऱ्यांत साक्ष संपते. हा साचा कोणी घडवला? बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. या मंडळींचा झगडा शास्त्राशी, रूढीशी, घराण्याशी होता. सोडण्यासारखे घराणे त्यांच्यापाशी होते! लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'ची थोरवी मला मान्य आहे. आपले सोवळे कसे गळत गेले हे त्या प्रांजळपणे सांगतात, आणि स्वतःवर हसतातही. परंतु महार-मांग आजीपाशी सोडायला सोवळे कुठे होते? तिला पाणवठा हवा होता. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आले. पुढे त्याच्या मंडळ्या भरल्या त्या मुख्यतः याच वस्त्यांतून. तरी त्यांची 'स्मृतिचित्रे' कोणी लिहिली नाहीत. नातू आजीसाठी रडतो तेही उसन्या शब्दांत.

बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीविषयी लिहिताना नेमके यावरच बोट ठेवले आहे. त्याच्या अधोगतीचे कारण त्याचे पाप, अशी शिकवण त्याला मिळते. मग ज्या समाजरचनेने त्याला चिरडले तिच्याविरुद्ध त्याने उठावे कशाला? मयताच्या घरी ही टीका अंगावर येते. शेणगोठा करून, भाकरतुकडा मागून जिने पोरे वाढवली, तिचे कोणते पाप धुतले गेले? समोरचा बौद्ध मित्र हे मनात विचारत असतोच. त्याच्याही घरी १९५६ साली कोणीतरी देव्हाऱ्यातले देव बाहेर काढले होते. तो अनोळखी श्रोता नाही. देव सोडले तशी जात सुटली का, हे विचारण्याचा त्याला हक्क आहे. ख्रिस्ती घरांतही सोयरीक जुळवताना महार की मांग हे अजून पाहिले जाते, हे नातवाला ठाऊक असते. पण साक्षीत त्याला जागा नसते.

आणखी एक घाई या साक्षींत दिसते, स्वर्ग गाठण्याची. लाजाराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडला, असे योहान सांगतो. आपल्याकडे मात्र रडणे हा जणू विश्वासातला उणेपणा! मग मित्रांना वाटते की हा शोक नव्हे, प्रचार आहे. मेलेल्या माणसाला आमिष म्हणून वापरू नये, एवढे तरी पाळले पाहिजे.

दुसरी वाट नाही असे नाही. अरविंद निर्मल यांनी १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्र ईश्वरशास्त्राची मांडणी केली. पुढे दलित ख्रिस्ती ईश्वरशास्त्र मांडताना त्यांनी अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायातली कबुली आधाराला घेतली. ती कबुली भटक्या पूर्वजापासून सुरू होते, त्याच्या वंशाच्या जाचातून जाते आणि मग देवापाशी येते. पाप तिथे आरंभाला नाही. नातवाला हवी ती भाषा हीच. पण निर्मलांनी हे लिहिले इंग्रजीत, आणि आमच्या वस्तीतल्या प्रार्थनासभेपर्यंत ते पोहोचले नाही.

या भाषेत बोलण्याला किंमतही आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख, १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. म्हणून कित्येक घरांत विश्वास एक आणि कागद दुसरा. अशा घरातला नातू मित्रांसमोर आजीचे नाव, तिची जात आणि तिचा देव एका दमात सांगतो, तेव्हा तो आपला दाखलाच पणाला लावतो.

मराठीत असे बोलणे पूर्वी झालेले आहे. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता या चौदा वर्षांच्या मांग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. वाडवडिलांना इमारतींच्या पायांत गाडले गेले, हे तिने नोंदवले आणि आमचा धर्म कोणता, हे थेट देवाला विचारले. तो निबंध छापला मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदया'ने, दोन अंकांत. मुक्ता ख्रिस्ती नव्हती.