खामच्या उगमाकडे धावताना

छत्रपती संभाजीनगरला समुद्र नाही आणि फार मोठी नदीही नाही. जटवाड्याच्या डोंगरात उगवून गोदावरीकडे निघालेली खाम शहराच्या पश्चिम अंगाने जाते आणि पावसाळा सरला की बारीक होते. तरीही पाण्याकाठच्या जुन्या शहरातून धावण्याचं सुख कसं असतं, हे ज्याला जाणून घ्यायचं आहे त्याने रविवारच्या पहाटे भडकल दरवाजापाशी उभं राहावं. तिथून महमूद दरवाजा, पाणचक्की, बेगमपुरा, बीबी का मकबरा आणि शेवटी डोंगरातली लेणी, असा हा सहा किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. तो धावण्यासाठी कुणी आखलेला नाही, पण त्याची बांधणी एखाद्या जाणकाराने बसवल्यासारखी आहे. आधी नदी येते, मग मोकळा रस्ता आणि अगदी शेवटी चढ. शिवाय सगळी धाव नदीच्या प्रवाहाविरुद्ध, उगमाच्या दिशेने जाते. टप्प्याटप्प्यावर पाणी नव्या रूपात भेटतं.

सुरुवात भडकलपासून करावी, कारण शहराचीही सुरुवात तिथलीच. मलिक अंबरने १६१० मध्ये ते खडकी या नावाने वसवलं आणि मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून १६१२ च्या सुमारास हा दरवाजा उभारला. पुढे याच माणसाने नहर-ए-अंबरी खोदून डोंगराकडचं पाणी जमिनीखालून वस्तीत आणलं. इथे घाई करू नये. अंग मोकळं करताना मान वर करून दरवाजाचं छत पाहावं. कमानी एकमेकींच्या खांद्यावर भार टाकत वर जातात आणि एवढ्या दगडाचं ओझं नजरेला जाणवतच नाही. वजन पेलायचं पण दाखवायचं नाही, ही त्या गवंड्यांची हातोटी धावणाऱ्याला पहिल्याच पावलाला मिळालेला धडा आहे.

मग खाम येते. या बाजूचे तीन दरवाजे, बारापुल्ला, महमूद आणि मकाई, एकत्र वाचावेत. तिन्ही पुलाच्या तोंडाशी उभे आहेत. औरंगजेबाच्या काळात, १६८२ मध्ये शहराला तट घातला गेला, तेव्हा या अंगाला नदी हाच बाहेरचा खंदक ठरला. म्हणून इथे दरवाजा आणि पूल यांना वेगळं काढता येत नाही. महमूद दरवाजाच्या कमानीत शिरलात की आधी आवाज बदलतो. उघड्या रस्त्यावर विरून जाणारी पावलं दगडी पोटात घुमू लागतात आणि आपली लय प्रथमच आपल्याला स्वच्छ ऐकू येते. टाच जड पडत असेल तर ती इथे कळते. चार-सहा ढांगांत कमान संपते, डोक्यावरचा दगड जातो, पायाखाली पूल येतो आणि दोन्ही बाजूंना एकदम आकाश मोकळं होतं. इतक्या थोड्या जागेत अंधार, नाद आणि उजेड यांचा असा क्रम जमवणारी दुसरी जागा या रस्त्यावर नाही.

पुलाला लागूनच पाणचक्की आहे. सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही जलरचना सतराव्या-अठराव्या शतकांतली. बहुतेक जण जातं पाहून परततात. खरं कौतुक त्यामागच्या भिंतीचं आहे. काही किलोमीटरवरच्या उंच जागेतलं पाणी हर्सूलच्या बाजूने खापरी नळांतून, जमिनीखालून इथवर येतं. बंद नळातलं पाणी उगमाची उंची विसरत नाही. खाली उतरताना कमावलेल्या दाबावर ते इथे भिंतीतून आपोआप वर चढतं आणि पडद्यासारखं हौदात कोसळतं. पंप नाही, इंजिन नाही. त्याच जोरावर जातं फिरायचं आणि फकिरांसाठी, वाटसरूंसाठी दळण निघायचं. आणखी एक बारकावा सहज सुटतो. हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचं छत आहे. माथ्यावर पाण्याचा थर, एका अंगाला नदी, म्हणून ऐन उन्हाळ्यातही ते दालन गार. धावणारा माणूसही हेच गणित मांडत असतो, उतारावर राखलेला दम चढावर खर्चायचा. ते इथे तीनशे वर्षांपूर्वी चुन्यात आणि खापरात सोडवून ठेवलं आहे.

घाटीचं रुग्णालय आणि बेगमपुऱ्याची वस्ती मागे पडली की रस्ता मोकळा होतो आणि वेग पकडावासा वाटतो. नेमक्या त्याच वेळी समोर मकबऱ्याचा घुमट दिसू लागतो. ताजमहालाशी तुलना करण्याची सवय इथे सोडावी. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिच्या या कबरीच्या दारावर स्थपती अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावं कोरलेली आहेत, त्यांच्या हिशेबाने तिच्याकडे पाहावं. संगमरवर त्यांनी मोजून वापरला, खाली भिंतीच्या तळपट्टीपर्यंत आणि वर घुमटाला. मधला सगळा भाग दख्खनच्या काळ्या दगडाचा, वर शुभ्र गिलावा. त्या गिलाव्यातली वेलबुट्टी इतकी नाजूक आहे की सकाळची तिरपी किरणं पडली की तिची सावलीही कोरल्यासारखी दिसते. घुमटाच्या मागे डोंगराची रांग आहे, म्हणून धावताना घुमट कधी आकाशावर तर कधी डोंगराच्या अंगावर उमटतो. आत जायचं असेल तर परतीच्या वाटेवर, शांतपणे जावं. दारापासून चौथऱ्यापर्यंत कारंज्यांची सरळ रांग आहे. पाणचक्कीत कष्ट उपसणारं पाणी इथे केवळ शोभेसाठी मांडलं आहे. कबर मात्र खालच्या पातळीवर, संगमरवरी जाळीआड आहे. ती वरून वाकून पाहावी लागते आणि मान आपसूक झुकते.

मकबऱ्यापासून लेण्यांकडे जाणारा रस्ता चढाचा. पोटऱ्या बोलू लागतात, पावलं आखूड होतात, श्वास मोठा होतो. वर बहुतांशी सहाव्या-सातव्या शतकांतली बौद्ध लेणी वाट पाहत आहेत. तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात गुडघे टेकून बसलेले उपासक माणसाच्या आकाराचे आहेत. त्यांच्या पाठीची रेषा पाहा, तिथे भक्ती हातांआधी कण्यातून व्यक्त झाली आहे. पूर्वेकडच्या गटातलं सातवं लेणं या साऱ्यांचा कळस आहे. गाभाऱ्यात एक नर्तिका आणि तिच्याभोवती वाद्यं वाजवणाऱ्या स्त्रिया आहेत. नर्तिकेचा सगळा तोल एका पायावर आहे आणि क्षणभर थांबलेली ती हालचाल पुन्हा सुरू होईल असं वाटत राहतं. बाहेरच्या भिंतीवर अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना संकटात सापडलेले लोक त्याला हाक मारत आहेत. कुणापुढे आग आहे, कुणापुढे हत्ती, कुणापुढे सिंह. त्यांतच एक बुडतं जहाज आहे. समुद्रापासून इतक्या दूर, खामच्या उगमाकडच्या डोंगरात, दर्यावर्दी व्यापाऱ्याची भीती कोरलेली! इथल्या शिल्पींना आपल्या घाटवाटा कोणत्या बंदरांना जाऊन मिळतात हे ठाऊक असावं. पाण्याचा पाठलाग करत आलेल्याला याहून भरीव शेवट कुठे मिळणार?

देवगाव रंगारीच्या आणि कन्नड तालुक्यातल्या गावोगावच्या मुलामुलींना मला मुद्दाम सांगायचं आहे. पोलीस भरतीच्या १६०० किंवा ८०० मीटरसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर तुम्ही घाम गाळता तेव्हा प्रत्येक सेकंद मोजावा लागतो आणि ते रास्तच आहे. पण जिल्ह्याच्या शहरात मुक्काम पडला तर एक सकाळ या रस्त्याला द्या. उजाडण्याआधी निघा, म्हणजे वाहनं नसतात. चढासाठी दम राखून ठेवा, प्यायचं पाणी सोबत घ्या आणि घड्याळ खोलीवरच राहू द्या. महमूद दरवाजाच्या कमानीत मात्र एकदा थांबा आणि मागून येणाऱ्या मित्राची पावलं ऐका.