स्नान, संस्कार आणि मरण : कॅथलिक श्रद्धेतील बाप्तिस्म्याचा अर्थ व मराठी परिभाषेची मर्यादा

प्रास्ताविक

एखादी धर्मकल्पना एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाते, तेव्हा ती एकटी जात नाही. ज्या शब्दाच्या आश्रयाने ती नव्या भाषेत स्थिरावते, त्या शब्दाचे पूर्वसंदर्भही तिला येऊन चिकटतात. मराठी भाषक कॅथलिक समाजात, विशेषतः वसई परिसरात, बाप्तिस्म्यासाठी ‘स्नानसंस्कार’ ही संज्ञा रूढ आहे. प्रॉटेस्टंट परंपरेने मात्र ‘बाप्तिस्मा’ हा मूळ ग्रीक शब्दच मराठी वळणाने स्वीकारला. ‘स्नानसंस्कार’ ही संज्ञा कॅथलिक धर्मशास्त्रातील आशय कितपत पेलते, आणि जो आशय तिच्यातून निसटतो त्याचे सामाजिक परिणाम कोणते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘स्नान’ : शुद्धी की मृत्यू?

बाप्तिस्मा या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘बुडवणे’ असा आहे. संत पौलाने रोमकरांस पाठविलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात या बुडण्याचा अन्वयार्थ स्पष्ट केला आहे. पाण्यात उतरणारा मनुष्य ख्रिस्ताच्या मरणात सहभागी होतो, त्याच्यासह पुरला जातो आणि त्याच्यासह नव्या जीवनात उठतो. प्राचीन ख्रिस्ती वास्तुरचनेनेही हाच अर्थ जपला. रोममधील लॅटरन येथील पाचव्या शतकातील बाप्तिस्मागृह अष्टकोनी आहे. आठवा दिवस म्हणजे सात दिवसांच्या जुन्या सृष्टीनंतरचा पुनरुत्थानाचा दिवस, हे त्या आकृतीमागील सूत्र होय. प्रौढांच्या बाप्तिस्म्यासाठी पुनरुत्थान सणाची पूर्वरात्र निवडली जाते, त्यामागेही हीच संगती आहे.

मराठी मनातील ‘स्नान’ याहून वेगळे आहे. नित्याचे स्नान शुचितेसाठी असते, तीर्थस्नान पापक्षालनासाठी असते आणि सूतक फिटल्यावरचे स्नान अशौच संपविण्यासाठी असते. या तिन्हींत स्नान करणारी व्यक्ती तीच राहते. तिच्यावरील मळ, पाप वा विटाळ तेवढा दूर होतो. म्हणूनच ते पुनःपुन्हा करावे लागते. शिवाय सूतकाचे स्नान मनुष्याला मृत्यूच्या सावलीतून बाहेर काढते, तर बाप्तिस्म्याचे पाणी त्याला आधी मृत्यूतच नेते. दिशेचा हा फरक ‘स्नान’ या शब्दात उमटत नाही.

अर्थात ही संज्ञा सर्वस्वी चुकीची आहे, असे म्हणता येणार नाही. तीताला लिहिलेल्या पत्रात ‘नवजन्माचे स्नान’ अशा अर्थाचाच शब्दप्रयोग आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथानेही पापशुद्धी आणि पवित्र आत्म्यात नवा जन्म, असे बाप्तिस्म्याचे दोन प्रमुख परिणाम सांगितले आहेत. तेव्हा आक्षेप एवढाच, की मराठी संज्ञेत पहिला परिणाम ठळक होतो आणि दुसरा भाष्यावर सोपविला जातो.

बाप्तिस्म्याचा ‘मरण’ हा अर्थ मराठी समाजाला अपरिचित होता काय? वस्तुस्थिती उलट दिसते. धर्मशास्त्रांत पतिताला जिवंतपणीच मृत मानून घटस्फोटाचा विधी सांगितला आहे. एखाद्याच्या नावाने आंघोळ करणे, हा मराठी वाक्प्रचारही त्याच जाणिवेतून आलेला आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तो प्रॉटेस्टंट परंपरेत. त्या घटनेने कुटुंबावर कोसळलेला आघात लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये नोंदला गेला आहे. जुन्या नात्यांच्या दृष्टीने बाप्तिस्मा हे मरण आहे, हे समाजाने अचूक ओळखले होते. मात्र पौलाच्या लेखी ते पापाच्या जुन्या सत्तेचे मरण होते, आप्तांचा त्याग नव्हे. समाजाला मरण दिसले, नवजन्म दिसला नाही. आणि धार्मिक परिभाषेने शुद्धी सांगितली, मरण सांगितले नाही. या दोन अर्धसत्यांच्या मध्ये बाप्तिस्म्याचा पूर्ण अर्थ हरवला, असे म्हणावे लागते.

‘संस्कार’ : अधिकार कोणाचा?

संज्ञेचा उत्तरार्ध अधिक विचारार्ह आहे. बाप्तिस्म्याला संस्कार म्हणताच उपनयनाशी त्याची तुलना स्वाभाविकपणे सुचते. दोहोंत दुसऱ्या जन्माची कल्पना आहे, दीक्षा आहे आणि समूहातील प्रवेश आहे. परंतु रूढ परंपरेत उपनयनाचा अधिकार वर्ण आणि लिंग यांवरून ठरत आला. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार बाप्तिस्मा न झालेली कोणतीही व्यक्ती, आणि केवळ तीच, बाप्तिस्म्यास पात्र आहे. प्रौढाच्या बाबतीत त्याची स्वतःची इच्छा आणि श्रद्धेचे पुरेसे शिक्षण आवश्यक मानले आहे. बालकाच्या बाबतीत पालकांची संमती आणि त्याला श्रद्धेत वाढविले जाईल, अशी साधार आशा आवश्यक आहे.

देणाऱ्याविषयीचा नियम याहून लक्षणीय आहे. बिशप, धर्मगुरू वा डीकन हे सामान्यतः बाप्तिस्मा देतात. परंतु निकडीच्या प्रसंगी योग्य हेतू असलेली कोणतीही व्यक्ती, अगदी स्वतः बाप्तिस्मा न झालेलीही, तो देऊ शकते. या नियमाचा तात्त्विक पाया संत ऑगस्टीन यांनी दोनातपंथीयांशी केलेल्या वादात आहे. बाप्तिस्मा देणारा हात कोणाचाही असो, देणारा ख्रिस्तच असतो. म्हणून त्या हाताच्या पावित्र्यावर विधीची सिद्धता अवलंबून नाही. २०२० मध्ये व्हॅटिकनने ‘मी’ ऐवजी ‘आम्ही’ असे म्हणून दिलेले बाप्तिस्मे अग्राह्य ठरविले, तेव्हा वरवर पाहता तो शब्दच्छल वाटला. वास्तविक समूहाने ख्रिस्ताची जागा घेऊ नये, हाच त्यामागील युक्तिवाद होता.

हा विधी पुन्हा करता येत नाही, कारण त्याने आत्म्यावर न पुसणारी मुद्रा उमटते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये हा सिद्धांत अधिकृतपणे मांडला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये चर्चविषयक दस्तऐवजात त्याची सामाजिक बाजू पुढे आणली. बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण ख्रिस्ताच्या याजकीय, प्रवक्तीय आणि राजकीय कार्यात सहभागी आहे, असे तेथे प्रतिपादन केले आहे.

सिद्धांत आणि व्यवहार

येथे चिकित्सेला व्यवहाराकडे वळणे भाग आहे. जो जुन्या ओळखीला मरून आला, त्याची जात त्याच्याबरोबर कशी आली? गोव्यातील चर्चच्या धर्मबंधुसंघांत जातिभेद टिकून राहिला, हे इतिहासाला ज्ञात आहे. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करून चर्चमधील जातिभेदाची कबुली दिली. दुसरीकडे १९५० च्या अनुसूचित जातीविषयक राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती दलितांना त्या सूचीबाहेर ठेवले. म्हणजे कायद्याच्या लेखी बाप्तिस्म्याने जात संपते, आणि समाजाच्या व अनेकदा चर्चच्याही लेखी ती संपत नाही. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात बाप्तिस्म्याने भेद मावळतात असे म्हटले आहे. त्याची इतकी कठोर परीक्षा क्वचितच कोठे झाली असेल.

या विसंगतीचा सर्व दोष एका शब्दावर टाकणे अर्थातच अतिव्याप्त ठरेल. जातिव्यवस्थेची कारणे परिभाषेच्या पलीकडची आहेत. तथापि बाप्तिस्मा म्हणजे ‘शुद्धी’ हीच समजूत दृढ झाली, तर शुद्ध आणि अशुद्ध यांची जुनी उतरंड तिच्या आश्रयाने टिकू शकते. ‘मरण’ ही समजूत असेल, तर तिला असा आश्रय राहत नाही.

तुलनेसाठी तमिळ भाषेचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथे ‘ज्ञानस्नान’ ही संज्ञा दीर्घकाळ प्रचलित होती. पुढे कॅथलिक व्यवहारात ‘तिरुमुळुक्कु’, म्हणजे ‘पवित्र बुडी’, हा देशी शब्द रुळला. संस्कृत स्नानाकडून तमिळ बुडण्याकडे झालेला हा प्रवास मूळ ग्रीक अर्थाच्या अधिक जवळ जाणारा आहे. १६१६ साली राचोल येथे छापल्या गेलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘वैकुंठ’सारखे शब्द निःसंकोचपणे योजले आणि त्यांना नवा आशय दिला. ते धैर्य मराठी परंपरेतच आहे.

निष्कर्ष

‘स्नानसंस्कार’ ही संज्ञा टाकून द्यावी, असे सुचविण्याचा हेतू नाही. पिढ्यान्‌पिढ्या उपासनेत रुजलेला शब्द अभ्यासकांच्या सूचनेने बदलत नाही, आणि तसा तो बदलूही नये. परंतु धर्मशिक्षणात आणि प्रवचनांत या शब्दासोबत ‘मरण’ आणि ‘नवजन्म’ यांची जोड आग्रहाने दिली गेली पाहिजे. धर्म आणि साहित्य यांच्या अभ्यासकांनीही बाप्तिस्म्याकडे केवळ धर्मांतराची नोंद म्हणून पाहणे पुरेसे नाही. जो मरून उठला, त्याला जन्माने मिळालेल्या उच्चनीचतेचा हिशेब लागू होत नाही, हे या विधीचे प्रतिपादन आहे. चर्चच्या आचरणाचे मूल्यमापनही याच कसोटीवर व्हावे लागेल.