जुन्या मालिकेची कुठली प्रत बघायची?

जुनी आवडती मालिका पुन्हा बघायची ठरवली की आधी प्रश्न येतो तो प्रतीचा. डीव्हीडी घ्यायची, ब्ल्यू-रे घ्यायची, की स्ट्रीमिंगवरची एचडी? आपण बहुतेक वेळा आकडा बघतो. ४८० पेक्षा १०८० मोठा, म्हणजे तीच प्रत चांगली. आज मला या आकड्याशी थोडं भांडायचंय. त्यासाठी मुख्यतः एकच मालिका घेतो, ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’. अमेरिकेत १९८७ ते १९९४ अशी ती सात सीझन चालली. ज्यांनी बघितली नाही त्यांनी घाबरू नये, कथेबद्दल मी फार बोलणार नाहीये.

ही मालिका चित्रित झाली ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर, म्हणजे सिनेमाच्याच फिल्मवर. पण पूर्ण झाली ती व्हिडिओ टेपवर. फिल्म टेपवर उतरवायची, संकलन टेपवर करायचं, अंतराळयानाची वेगवेगळी चित्रं एकमेकांवर बसवायची तीही टेपवरच. त्यात वेळ वाचायचा, पैसा वाचायचा. अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीत पडद्यावर दिसणाऱ्या रेषा साधारण ४८०. फिल्ममध्ये असलेला बाकीचा सगळा बारकावा त्या गाळणीत वरच राहिला. पुढे डीव्हीडी निघाली ती याच टेपवरून. तिच्यात यानाच्या कडा थरथरतात, गणवेशाचा लाल रंग बाहेर सांडतो. त्याबद्दल डीव्हीडीला दोष देऊन उपयोग नाही. टेपमध्ये जे होतं तेच तिने दिलं.

२०१२ पासून सीबीएसने ब्ल्यू-रे काढायला सुरुवात केली, आणि तेव्हा जे झालं ते खरोखर अचाट आहे. ते टेप सोडून थेट मूळ नेगेटिव्हकडे गेले. जुनं संकलन समोर ठेवून प्रत्येक भाग शॉटमागून शॉट पुन्हा जोडला. यानाच्या प्रतिकृती त्या काळी फिल्मवर टिपलेल्या होत्या, त्या पुन्हा स्कॅन करून नव्याने एकत्र केल्या. फेझरचे किरण मात्र फक्त टेपवरच जन्मलेले, ते परत काढावे लागले. ‘डेटालोर’ या भागातला तो स्फटिकासारखा अजस्र जीव संगणकावर व्हिडिओच्या मापातच केलेला होता, तोही नव्याने घडवला. काही मोजक्या ठिकाणी फिल्म सापडलीच नाही. तिथे टेपवरचं चित्र ताणून बसवलंय, आणि ते लगेच कळतं. काही सेकंद समोरचा माणूस ओल्या काचेमागे उभा राहिल्यासारखा दिसतो.

यातून मिळालं काय? यान चकाचक झालं, ते आहेच. माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे चेहऱ्यांची. पाचव्या सीझनमधला ‘द इनर लाइट’ घ्या. एक अख्खं दुसरं आयुष्य जगून आलेला पिकार्ड शेवटी हातात बासरी धरतो. पॅट्रिक स्टुअर्टचं तिथलं काम जवळजवळ सगळं डोळ्यांभोवती आहे. टेपवर ते पुसट होतं, आपण संगीताच्या आणि संदर्भाच्या आधाराने ते समजून घेत होतो. आता ते दिसतं. अर्थात एचडीत नको तेही दिसतं. दिव्यांची तिरीप पडू नये म्हणून यानातल्या पॅनेलांवर काळे पुठ्ठे चिकटवलेले होते, ते आता स्पष्ट दिसतात. काहींचा त्यामुळे रसभंग होतो. माझा नाही होत. नाटकात विंगेतला माणूस दिसला म्हणून आपण उठून जातो का?

पण या प्रतीचं मला सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. त्यांनी चौकट बदलली नाही. मूळ ४:३ होती, ती ४:३ च ठेवली. लोक कुरकुरतात, एवढा मोठा टीव्ही घेतला आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे! (हशा) पट्टे घालवायचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे चित्र वरून-खालून कापायचं. ४:३ चं १६:९ करताना उंचीचा पाव हिस्सा जातो. ‘साइनफेल्ड’ २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आली ती १६:९ मध्ये. तिचा ‘द पॉटहोल’ नावाचा एक भाग आहे. रस्त्यातल्या खड्ड्याकडे बघत दोघं बोलताहेत, आणि कापाकापीत खड्डाच चौकटीबाहेर गेला! आपल्याकडचे खड्डे इतक्या सहज गेले असते तर!

दुसरा मार्ग, नेगेटिव्हवर बाजूला जास्तीचं चित्र असेल तर ते उघडायचं. एचबीओने २०१४ मध्ये ‘द वायर’ १६:९ केली ती बऱ्याच ठिकाणी अशीच. निर्माते डेव्हिड सायमन यांनी तेव्हा स्वतःच लिहिलं होतं की काही दृश्यांना याने फायदा झाला, काहींचं नुकसान झालं. प्रामाणिक माणूस. पण मी इथे जुन्या डीव्हीडीच्याच बाजूने आहे. बाल्टिमोरमधल्या त्या माणसांना हलायला जागा नाही, हे त्या मालिकेचं म्हणणंच आहे. अरुंद चौकटीत ते अंगावर येतं. कडेला मोकळी भिंत नि रिकामा रस्ता दिसायला लागला की पकड सैल होते. इथे १०८० वाली प्रत जास्त स्पष्ट आहे आणि तरी कमी चांगली आहे.

आता उरली ‘डीप स्पेस नाइन’, १९९३ ते १९९९. तीही फिल्मवर चित्रित, टेपवर पूर्ण. पण नंतरच्या सीझन्समधली याने मोठ्या प्रमाणावर संगणकावर, टेपच्या मापात केलेली. तिथे स्कॅन करायला प्रतिकृतीची फिल्मच नाही, सगळं नव्याने करावं लागेल. खर्च मोठा, म्हणून संपूर्ण मालिकेचं काम अजून झालेलं नाही. या मालिकेवरच्या २०१९ च्या माहितीपटात काही दृश्यं फिल्मवरून नव्याने काढून दाखवली होती. ती बघून हळहळच वाटते.

मधल्या काळात चाहत्यांनी एआय वापरून मोठ्या केलेल्या प्रती फिरतात. त्यांच्या मेहनतीचा मला आदर आहे. पण ते यंत्र हरवलेला बारकावा परत आणत नाही, अंदाजाने भरतं. बऱ्याचदा चेहरे मेणाचे होतात, आणि ही मालिका तर सगळी चेहऱ्यांवर उभी आहे. त्यापेक्षा डीव्हीडी घ्या, लहान पडद्यावर लावा, थोडं लांब बसा. आणि कृपा करून टीव्हीतलं ते मोशन स्मूदिंग आधी बंद करा.