दगडूचे ऐकणारा कोण?

दया पवारांच्या ‘बलुतं’वर (१९७८) आपल्याकडे पुष्कळ वाद झाला. त्यातला दारूत बुडालेला बाप कुणाला व्यवस्थेचा पुरावा वाटला, कुणाला समाजाची बदनामी. ती दारू पाहत वाढलेल्या पोराचे काय, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी मागेच राहिला.

मला तो टाळता येत नाही. माझा बापही पीत असे. घरातला पहिला पदवीधर मी. कॉलेजात शिकवू लागलो आणि ग्लास माझ्याही हातात आला. रात्री प्यायचो, सकाळी स्वतःला शिव्या घालायचो, त्या विसरायला पुन्हा प्यायचो.

फेलिटी आणि अँडा यांची अमेरिकेतील पाहणी १९९८ साली प्रसिद्ध झाली. बालपणी चार वा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांत दारू, अमली पदार्थ, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट आढळला. त्या यादीत मारहाण होती, घरातले व्यसन होते. जातीचा अपमान नव्हता. ती यादी आपल्या आत्मकथनांनी पुरी केली आहे.

‘बलुतं’त शिकलेला दया पवार दगडू मारुती पवारची कहाणी ऐकतो. समीक्षकांनी याला निवेदनतंत्र म्हटले. मी याला स्वतःविषयीची करुणा म्हणतो. करुणा म्हणजे माफी नव्हे. ग्लास आपणच खाली ठेवायचा असतो. पण पोरावर जे लादले गेले, तो पोराचा गुन्हा नव्हे.

आपल्या व्यसनमुक्तीच्या सभांत पिणाऱ्याची लाज काढली जाते. त्याच्यातल्या दगडूला बोलू कोण देतो?