देणाऱ्याची कथा आणि घेणाऱ्याचा शब्द

दिवाळीच्या सुमारास घरोघर येणाऱ्या मदतीच्या आवाहनपत्रकांकडे कोणी वाङ्मय म्हणून पाहत नाही. पण तीही एक कथाच सांगत असतात. आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यातले अनाथ मूल असो, नाहीतर आपल्याकडच्या एखाद्या बालकाश्रमातले. कथानक ठरलेले असते. आधी मुलाचे दुःख, मग दात्याचे आगमन आणि शेवटी मुलाचे हसू. दत्तक पालक योजनेत नाव घातले, की वर्षाकाठी मुलाच्या हातचे आभाराचे पत्रही येते. मुलाचे नाव तेवढे बदलते. या कथेत नायक कोण, असा प्रश्न विचारला तर उत्तर अवघड नाही. पैसे पाठवणारा तोच तिचा नायक आणि वाचकही तोच.

अशा कथेत काय हरवते, याचे एक ठळक उदाहरण जगाला माहीत आहे. १९९३ साली सुदानमधल्या दुष्काळात केव्हिन कार्टर याने टिपलेले छायाचित्र फार गाजले. जमिनीवर कोसळलेले मूल आणि त्याच्या मागे टपून बसलेले गिधाड. दुसऱ्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्या मुलाला जग कित्येक वर्षे मुलगी समजत होते. २०११ साली एका स्पॅनिश वृत्तपत्राच्या बातमीदाराने त्या भागात जाऊन शोध घेतला, तेव्हा कळले की तो मुलगा होता, त्या दुष्काळातून तो जगला होता आणि त्याचे वडील हयात होते. साऱ्या जगाने हळहळ व्यक्त केली; विचारपूस मात्र अठरा वर्षांनी झाली.

आपल्याकडे या विषयावरची सर्वांत परिचित कलाकृती म्हणजे ‘मी सिंधुताई सपकाळ’ हा अनंत महादेवन यांचा २०१० सालचा चित्रपट. त्याचे बळ निर्विवाद आहे. येथे आश्रय देणारी बाई स्वतःच निराश्रित होऊन भीक मागत हिंडलेली आहे. त्यामुळे दाता आणि याचक यांच्यामधली भिंत मुळातच कोसळते. स्वतःच्या मुलीला दुसऱ्या संस्थेत ठेवून परक्या मुलांची आई होण्याचा तिचा निर्णय प्रेक्षकाला अस्वस्थ करतो, आणि ही अस्वस्थता दयेहून मोलाची आहे. परंतु तिने सांभाळलेली मुले चित्रपटात बहुतांशी समुदाय म्हणूनच वावरतात. आईला चेहरा आहे, लेकरांना संख्या आहे. एका व्यक्तीच्या चरित्राची ही मर्यादा समजण्यासारखी आहे. पण ती मर्यादाच आहे, हे विसरता कामा नये.

मग अनाथांचा स्वतःचा शब्द कोठे सापडतो? त्यासाठी आम्हा कुरुंदवाडकरांना जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. रशियनांनी १९४० च्या सुमारास सैबेरिया आणि कझाकस्तानात हाकलून दिलेली ही कुटुंबे. तेथून इराणमार्गे ती येथे पोहोचली. तशीच माणसे टांगानिकातल्या टेंगेरूसारख्या आफ्रिकी खेड्यांतही गेली. वळिवड्यात बायका आणि मुले अधिक होती, आणि त्यांत आईबाप गमावलेली पुष्कळ होती. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे आसरा दिलेली मुलेही १९४६ साली येथेच आली.

या मुलांनी म्हातारपणी लंडनमध्ये एकत्र येऊन आपला इतिहास कागदपत्रे आणि आठवणी यांच्या आधारे स्वतः लिहिला. तो पोलिश भाषेत २००० साली आणि इंग्रजीत ‘पोल्स इन इंडिया’ या नावाने पुढे प्रसिद्ध झाला. वाङ्मयीन सफाई त्यात शोधू नये. अनेक हातांचे लेखन आहे, पुनरुक्ती आहे, स्मृतीचा हळवेपणाही आहे. पण त्यातल्या मुलांना शाळा आहे, बालवीरांची पथके आहेत, नाटके आहेत, भांडणे आहेत आणि मरणेही आहेत. ही मुले कोणाच्या उपकारात दबलेली दिसत नाहीत. छावणीच्या खर्चाचा मोठा भार बराच काळ त्यांच्याच लंडनस्थित सरकारने उचलला होता, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे: लेखणी त्यांच्या हाती आहे.

तरीही याच ग्रंथात एक मौन मला खटकते. भाजीवाले, टांगेवाले, स्वयंपाकाला मदत करणारे गावकरी कडेकडेने येतात आणि निघून जातात. जामनगरच्या कथेला एक राजा लाभला, म्हणून ती सांगायला सोपी झाली. वळिवड्याच्या कथेत तसा एकच एक उपकारकर्ता नाही. अनेक निनावी शेजारी आहेत. त्यांची बाजू पोलिश लेखकांनी लिहावी, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. ती मराठीने लिहायची होती. छावणीच्या जागी नंतर सिंधी निर्वासितांचे गांधीनगर वसले आणि आम्ही तेथे कापड खरेदी करून परतत राहिलो.

या विषयाकडे मी असा का वळलो, हे सांगणे भाग आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचे पाणी कुरुंदवाडात शिरले. निवाऱ्याच्या जागी मला एक ब्लँकेट मिळाले. देणारा भला माणूस होता. दूरवरून आला होता, चिखल तुडवत आला होता. ब्लँकेट माझ्या हातात देताना त्याने छायाचित्रासाठी मला क्षणभर थांबायला सांगितले. मी थांबलो. तेवढ्या क्षणात मी गावकरी राहिलो नाही, ‘पूरग्रस्त’ झालो. ब्लँकेट उबदार होते, ते अजून वापरात आहे. पण त्याने माझे नाव विचारले नाही, हे आजही आठवते.

म्हणून अनाथांविषयीच्या कोणत्याही लेखनाला मी आता एकच कसोटी लावतो. त्यातले मूल आभार मानण्यापलीकडे काही बोलते काय? ते हट्ट करते काय, नाराज होते काय, देणाऱ्याला एखादा अवघड प्रश्न विचारते काय? तसे होत नसेल, तर देणगी जरूर पाठवावी. मुलांना जेवण लागते, समीक्षा लागत नाही. मात्र त्या पत्रकाला त्या मुलाची कथा म्हणू नये.